मागे राहणाऱ्याची निवड : ताईमहाराज प्रकरणाचे एक वाचन

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरी नावाचे गाव आहे. तेथे आमचे एक वृद्ध आप्त राहतात. घरात सारे त्यांना नाना म्हणतात. मागे एकदा आम्ही त्यांच्याकडे गेलो असता, रात्रीची जेवणे उरकल्यावर नानांनी कपाटातून कागदांची एक गुंडाळी काढून आमच्यापुढे ठेवली. वकिलाने करून दिलेला तो मृत्युपत्राचा कच्चा मसुदा होता. शेताचा कोणता तुकडा कोणाचा, घर कोणाचे, विहिरीवरची पाळी कशी, मुलींना काय, हे सारे त्यात नीट लिहून झाले होते. एका ओळीत मात्र जागा कोरी होती. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कोणी करावी, त्याचे नाव तेथे यावयाचे होते.

नाना म्हणाले, "वाटे करायला मला चार दिवस पुरले. या एका ओळीपाशी चार महिने झाले, अडून बसलोय. तुम्ही पुस्तकांतली माणसं. सांगा, इथं कुणाचं नाव घालू?"

आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. परंतु त्या कोऱ्या ओळीने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे एक प्रकरण मनात जागे केले. महाराष्ट्रात मृत्युपत्राच्या अंमलदाराची निवड हा विषय ज्या एका खटल्याने घरोघर नेला, ते ताईमहाराज प्रकरण. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते बहुधा लोकमान्यांच्या चरित्रातील एक उपकथानक म्हणून ठाऊक असते. आम्ही येथे ते नानांच्या कोऱ्या ओळीकडून वाचून पाहणार आहोत.

प्रथम शब्दाविषयी थोडे. इंग्रजी कायद्यातील 'एक्झिक्युटर'ला मराठीने एकही शब्द मनापासून दिलेला नाही. कायद्याच्या परिभाषेत 'निष्पादक' आहे. वकील 'व्यवस्थापक' लिहितात, कोणी 'कार्यवाह' म्हणतात, आणि बोलताना सर्वच जण 'एक्झिक्युटर' म्हणतात. शब्द रुजला नाही याचे कारण संस्थाच परकी होती. आपल्या धर्मशास्त्रात दायविभाग आहे, दान आहे, दत्तविधान आहे; मृत्युपत्र नाही. गेलेल्या माणसाची जागा पुत्र घेतो आणि त्याच्या इच्छा त्या पुत्राच्या ऋणात विरघळतात, अशी ती रचना होती. मेलेल्याने कागदावर बोलत राहावे आणि त्या बोलण्यासाठी एक तिऱ्हाईत नेमावा, ही कल्पना इंग्रजी न्यायालयांच्या आश्रयाने आली. १८७० चा हिंदू विल्स अॅक्ट, १८८१ चा प्रोबेट आणि अॅडमिनिस्ट्रेशनचा कायदा, आणि पुढे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा, या क्रमाने तिला घाट आला. १९२५ च्या कायद्यातही मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांतील हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट आवश्यक ठरवताना मोफसलीला तशी सक्ती नव्हती. म्हणजे ब्राह्मणपुरीसारख्या गावी मृत्युपत्राचा अंमल न्यायालयाच्या शिक्क्यापेक्षा नेमलेल्या माणसाच्या वजनावरच अधिक चालत आला. तेथे नाव म्हणजेच शिक्का होता.

आता प्रकरणाकडे वळू.

पुण्यातील पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित, लोकांच्या तोंडी बाबा महाराज, हे टिळकांचे स्नेही. १८९७ सालचा ऑगस्ट महिना. पुण्यात प्लेग होऊन गेला होता, रँडचा खून होऊन दीड महिनाही झाला नव्हता आणि केसरीतील लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला होता. ४ ऑगस्टला मुंबईत न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी टिळकांना जामीन दिला. टिळक पुण्यास आले, तो बाबा महाराज मरणपंथास लागलेले. ७ ऑगस्टला त्यांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी ते वारले. मृत्युपत्रात जे अंमलदार नेमले होते, त्यांत टिळक होते, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते, कुंभोजकर होते, नागपुरकर होते.

या क्षणाचा विचार करावा. मरणारा माणूस आपली इस्टेट ज्याच्या हाती देतो आहे, तो स्वतः जामिनावर सुटलेला आरोपी आहे आणि महिनाभरात आपण तुरुंगात जाणार, हे त्याला जवळजवळ ठाऊक आहे. तसे झालेही. सप्टेंबरात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि वर्षाने, १८९८ च्या सप्टेंबरात, ते सुटले. तरीही बाबा महाराजांनी तेच नाव घातले. माणसाच्या निष्ठेची त्यांना खात्री होती. त्याला सवड मिळेल का, त्याचे शत्रू किती, आणि ते शत्रू उद्या आपल्या दारात येऊन उभे राहतील का, हे प्रश्न त्या घटकेला मनात आले नसावेत. मरणाच्या घाईत माणूस आधार शोधतो. हिशेब तेव्हा सुचत नाही.

मृत्युपत्राचा गाभा दत्तकाचा होता. बाबा महाराजांची पत्नी ताईमहाराज कोवळ्या वयाची आणि त्या वेळी गरोदर होती. मुलगा झाला तर तो वारस. न झाला अगर होऊन गेला, तर एक्झिक्युटरांच्या विचाराने तिने दत्तक घ्यावा, आणि वारस सज्ञान होईपर्यंत इस्टेट एक्झिक्युटरांनी सांभाळावी, असा त्याचा आशय. १८९८ च्या जानेवारीत मुलगा झाला आणि दोनेक महिन्यांतच गेला. इस्टेटीवर कर्ज होते. तुरुंगातून सुटून आल्यावर टिळकांनी काटकसरीचा कारभार लावला. कर्ज फेडणाऱ्या विश्वस्ताचे घरातल्या माणसांशी फार दिवस गोडीगुलाबीचे राहत नाही. येथेही राहिले नाही.

दत्तकाचा मुलगा पंडित घराण्याच्याच दुसऱ्या शाखेतून घ्यावा, या विचाराने टिळक आणि खापर्डे ताईमहाराजांसह १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस गेले. २८ जूनला जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले, असे टिळकांचे म्हणणे. ते झालेच नाही, आपल्यावर सक्ती झाली, असे पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांचे म्हणणे. जुलैअखेर त्यांनी प्रोबेट रद्द करण्यासाठी अर्ज केला, आणि १९ ऑगस्टला कोल्हापूरच्या शाखेतील बाळा महाराजांना दत्तक घेतले. त्यास कोल्हापूर दरबाराचा पाठिंबा होता, आणि एक्झिक्युटरांपैकी नागपुरकर ताईमहाराजांच्या बाजूला गेले होते. पुणे आणि कोल्हापूर यांच्यात वेदोक्ताच्या वादाने तेव्हा आधीच तेढ आली होती. एका घरातील दत्तक या तेढीत सापडला.

यापुढील तारखा क्रमाने वाचल्या तरी पुरे. ३ एप्रिल १९०२ : जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी प्रोबेट रद्द केले आणि खोटी साक्ष, बनावट कागद अशा आरोपांवरून टिळकांना फौजदारीकडे पाठवले. २४ ऑगस्ट १९०३ : मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. पुढे सेशन्स न्यायाधीश लूकस यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली. ४ मार्च १९०४ : मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्यापुढे मुंबई हायकोर्टात ती साफ रद्द झाली. दिवाणी दाव्यात १९०६ मध्ये पुण्यात निकाल टिळकांच्या बाजूने लागला. १९१० मध्ये हायकोर्टात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी तो फिरवला. आणि मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून जगन्नाथाचे दत्तविधान कायम केले. एका मुलाला मांडीवर बसवले की नाही, हा प्रश्न सुटावयास सुमारे चौदा वर्षे लागली.

कायद्याच्या अभ्यासकांना 'बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित' हे नाव एका तत्त्वासाठी परिचित आहे. ज्या साक्षीदाराला खोटारडा ठरवावयाचे, त्याला उलटतपासात तसे तोंडावर विचारले पाहिजे. उत्तर देण्याची संधी न देता निकालपत्रात त्याच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडवणे न्याय्य नव्हे. आजही वकील हे उद्धृत करतात. एका दत्तकाच्या भांडणाने न्यायव्यवहाराला दिलेली ही देणगी लहान नाही.

टिळकांच्या बाजूने पाहिले तर हे प्रकरण कर्तव्याची कथा आहे, आणि चरित्रकारांनी ते तसेच सांगितले आहे. मित्राला दिलेला शब्द म्हणून टिळकांनी स्वतःला लागलेला खोटेपणाचा कलंक सोसला, वेळ दिला, पैसा घातला. मंडालेच्या तुरुंगातून ते भाचे धोंडोपंत विद्वांस यांना जी पत्रे लिहीत, त्यांत या अपिलाच्या सूचना येत. ज्या खोलीत गीतारहस्य लिहिले गेले, तेथूनच एका परक्या घराच्या दत्तकाचे कागदही हलत होते. गीतारहस्य छापून आले ते १९१५ मध्ये, आणि प्रिव्ही कौन्सिलचा निकालही त्याच वर्षीचा. फळाची आस न धरता कर्म करावे, असे सांगणाऱ्या ग्रंथाच्या शेजारी हा खटला ठेवून वाचणे विद्यार्थ्यांना उद्बोधक होईल. आणखी एक तपशील आहे. १९२० च्या जुलैत टिळक मुंबईस आले ते याच प्रकरणाच्या कामासाठी. तेथेच सरदारगृहात ते आजारी पडले आणि १ ऑगस्टला गेले. मित्राच्या मरणशय्येपाशी घेतलेले काम त्यांच्या स्वतःच्या मरणशय्येपर्यंत त्यांच्यासोबत आले. एक्झिक्युटर म्हणून नाव देताना आपण समोरच्या माणसाकडून नेमके काय मागतो, याचे याहून कठोर उत्तर आम्हांस माहीत नाही.

परंतु प्रकरण येथे संपत नाही. त्याचे नाव आपण काय ठेवले आहे? ताईमहाराज प्रकरण. ज्या व्यक्तीच्या नावाने ते ओळखले जाते, तीच त्यात सर्वांत कमी बोलते. टिळक बोलतात, खापर्डे बोलतात, न्यायाधीश पानेच्या पाने लिहितात. ताईमहाराज मात्र दर वेळी कोणाच्या तरी 'कह्यात' असतात. औरंगाबादेत टिळकांच्या, असे एक पक्ष म्हणतो. पुढे नागपुरकरांच्या आणि कोल्हापूरच्या, असे दुसरा. ती स्वतःच्या मनाने काही ठरवू शकेल, हे दोन्ही पक्षांपैकी कोणी गृहीत धरत नाही. मराठी चरित्रवाङ्मयाने हा प्रघात तसाच पुढे चालवला.

तिच्या जागी उभे राहून मृत्युपत्र पुन्हा वाचले, तर त्याचा अर्थ बदलतो. त्या काळच्या हिंदू कायद्यात मुंबई इलाख्याची एक विशेषता होती. येथे विभक्त कुटुंबातील विधवेला, नवऱ्याने मनाई केलेली नसेल तर, त्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता येत असे. इतर प्रांतांतील विधवांना एवढी मोकळीक नव्हती. बाबा महाराजांच्या मृत्युपत्राने दत्तकाला एक्झिक्युटरांच्या विचाराची अट जोडली. म्हणजे रूढीने जे थोडे तिच्या हाती होते, त्यावर तिऱ्हाईत पुरुषांचा पहारा बसला. आणि दत्तक म्हणजे केवळ एक मूल नव्हे. दत्तक मांडीवर आला की इस्टेट त्याची होई आणि विधवा अन्नवस्त्राची धनी होई. मुलगा निवडणे म्हणजे आपला उद्याचा मालक निवडणे. ही निवड तिने कोणाच्या तरी विचाराने करावी, असा तो कागद सांगत होता. मग पुण्यास परतताच तिने प्रोबेटावर हल्ला केला, तो केवळ चिथावणीनेच केला असेल का? प्रिव्ही कौन्सिलने सत्य कोणाच्या बाजूस आहे, हे ठरवले आणि ते आम्हांस मान्य आहे; औरंगाबादचे दत्तविधान झाले होते. परंतु सत्य आणि संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दत्तविधान झाले, एवढ्यावरून ते तिला हवे होते असे ठरत नाही.

ताईमहाराज १९०३ मध्येच वारल्या. अंतिम निकाल लागण्यास तेव्हा बारा वर्षे अवकाश होता. तिच्या नावाचा खटला तिच्यावाचून चालत राहिला.

बाबा महाराजांची चूक कोणती, असे कोणी विचारील. त्यांनी अप्रामाणिक माणूस नेमला नाही. त्यांच्याइतका निष्ठावान एक्झिक्युटर क्वचित कोणास मिळाला असेल. आमच्या मते चूक अशी की त्यांनी आपल्याशी निष्ठावान असलेला माणूस नेमला आणि तेवढ्यावर थांबले. एक्झिक्युटर ज्याच्याशी रोज बोलणार असतो, तो मृत माणूस नव्हे. तो बोलणार असतो विधवेशी, मुलांशी, भावांशी. मेलेल्याच्या शब्दाला तो जागतो तेव्हा जिवंतांचा शब्द ऐकण्याचे कौशल्य त्याच्यापाशी आहे का, ही दुसरी कसोटी. आणि तिसरी कसोटी : तो माणूस त्या घरापेक्षा फार मोठा तर नाही? टिळकांचे नाव कागदावर आले, त्या क्षणी पुण्यातील एका वाड्याचा कारभार सरकारच्या, दरबाराच्या आणि पक्षोपक्षांच्या नजरेत आला. अॅस्टनपुढे कोणी सामान्य कारकून एक्झिक्युटर म्हणून उभा असता, तर त्याला फौजदारीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही सुटत नाही.

याच पुण्यात दहा वर्षे आधी लिहिल्या गेलेल्या दुसऱ्या एका मृत्युपत्राशी तुलना करावीशी वाटते. जोतीराव फुले यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र केले. दत्तकाचा प्रश्न तेथेही होता, पण निराळ्या वळणाचा. यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी त्याला आपला केला होता. तो नीट निघाला तर प्रश्न नाही. तो शिकला नाही, वाईट मार्गाला लागला, तर काय? जोतीरावांनी तो निर्णय कोणा एका मित्राकडे दिला नाही. सत्यशोधक समाजाच्या सभासदांनी बहुमताने माळी, कुणबी, धनगर अशा जातींतील एखादा लायक मुलगा निवडावा, अशी तजवीज त्यांनी केली. व्यक्तीच्या जागी संस्था, आणि स्नेहाच्या जागी बहुमत. मृत्युपत्रासारख्या खासगी कागदात लोकशाहीची रीत आणण्याचा तो प्रयत्न होता. यशवंताने ती वेळ येऊ दिली नाही. तो डॉक्टर झाला, आणि जोतीरावांचा 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात, १८९१ मध्ये, त्यानेच प्रसिद्ध केला.

तरीही तेथे सारेच इच्छेप्रमाणे घडले असे नाही. जोतीरावांना दहन नको होते, मिठात पुरावयास हवे होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले तेव्हा नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे, यावरून भाऊबंदांनी यशवंताच्या हक्कावर आक्षेप घेतला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन चालू लागल्या. कागदावर समाज होता. प्रत्यक्ष घटकेला पत्नी उभी राहिली. दोन मृत्युपत्रे, दोन विधवा. एकीवर विश्वस्तांचा पहारा आणि दुसरी स्वतःच पतीच्या इच्छेची अंमलदार. हा फरक स्वभावाचा आहे तसाच शिक्षणाचा आहे, वयाचाही आहे. पण सर्वांत आधी तो नवऱ्याने बायकोला काय समजले होते, याचा आहे.

साहित्याच्या वाचकांना आणखी एका प्रकारच्या अंमलदाराकडे पाहावे लागते. लेखकाची खरी मिळकत कागदांत असते. केशवसुत १९०५ मध्ये गेले. त्यांची कविता पुस्तकरूपाने आली ती १९१७ मध्ये, हरिभाऊ आपट्यांच्या हातून. खानदेशातले उदाहरण तर आम्हांस फार जवळचे वाटते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. लिहिता न येणाऱ्या त्या बाईने कोणतेही मृत्युपत्र केले नव्हते आणि आपल्या गाण्यांना मिळकत मानण्याची कल्पनाही तिला शिवली नसावी. मुलगा सोपानदेव यांच्यापाशी ती गाणी उतरवून ठेवलेली होती. स्वतः कवी असलेल्या त्या मुलाला आईची गाणी लोकांपुढे आणावयाचा संकोच होता. आचार्य अत्र्यांनी तो मोडला आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' निघाली. कायदा म्हणतो, एक्झिक्युटरची नेमणूक स्पष्ट शब्दांत हवीच असे नाही. मजकुरावरून ती अपरिहार्यपणे निघत असेल तरी पुरे. सोपानदेवांच्या बाबतीत मजकूर होता तो केवळ ओव्यांचा, आणि नेमणूक त्यांतूनच निघत होती.

याच्या उलट टोकाला फ्रान्त्स काफ्का. आपले अप्रकाशित लेखन न वाचता जाळून टाकावे, असे त्याने मित्र माक्स ब्रोड याला लिहून ठेवले. १९२४ मध्ये काफ्का गेला आणि १९२५ पासून ब्रोडने एकेक कादंबरी छापावयास घेतली. त्याला विश्वासघातकी म्हणणारे आहेत. ब्रोडचे उत्तर असे की आपण हे कधीही करणार नाही, हे त्याने काफ्काला हयातीतच सांगितले होते. खरोखर जाळावयाचेच होते, तर काफ्काने दुसरा माणूस निवडला असता. या उत्तरात तथ्य आहे. माणसाचे मृत्युपत्र दोन ठिकाणी लिहिलेले असते : एकदा कलमांत आणि दुसऱ्यांदा, अधिक खरेपणाने, त्याने निवडलेल्या नावात. कलमे आणि नाव यांच्यात विसंगती आली, तर वाचकाने नावाकडे पाहावे. अर्थात ब्रोडच्या पश्चात काय झाले, हेही विसरू नये. त्याने मागे ठेवलेल्या कागदांवरून वारसांत आणि ग्रंथालयात वाद लागला आणि २०१६ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ते राष्ट्रीय ग्रंथालयाकडे देण्याचा निर्णय दिला. अंमलदारही मरतो, त्याच्यानंतर कोण, हे ठरवावयाचे राहून गेले की सर्व पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

टिळकांच्या मागेही केसरी-मराठा संस्थेचे विश्वस्त आणि टिळकांचे पुत्र यांच्यात तंटे झाले. ज्या पुरुषाने दुसऱ्याच्या मृत्युपत्रासाठी आयुष्याची तेवीस वर्षे दिली, त्याच्या घरालाही विश्वस्त आणि वारस यांच्यातील ही जुनी दरी चुकवता आली नाही. ती दरी कोणाच्या वाईटपणातून पडते असे नव्हे. विश्वस्त मृताच्या शब्दाकडे पाहतो आणि वारस आपल्या उद्याकडे. दोघांचीही नजर आपापल्या जागी बरोबर असते.

असो. नानांना आम्ही हे सारे सांगितले नाही. इतके ऐकण्याइतकी ती रात्र मोठी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बाबा महाराजांची गोष्ट तेवढी थोडक्यात सांगितली. कायद्याने लागतात त्या गोष्टीही सांगितल्या : नेमलेला माणूस सज्ञान आणि शुद्धीतला हवा, तो वारसांपैकीही असू शकतो, नेमणूक त्याच्यावर बंधनकारक नसते, तो नाकारू शकतो, म्हणून आधी विचारावे आणि एकाच्या मागे दुसरे नाव घालून ठेवावे.

नानांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, "त्या बाईला कुणी विचारलं होतं का, की हा माणूस चालेल का म्हणून?"

आम्ही म्हणालो, "कागदांत तसे कोठे दिसत नाही."

नाना उठले आणि माजघराच्या दाराशी जाऊन त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या आणि उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. नानांनी मसुदा उघडून त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवले. "हे बघा," ते काकूंना म्हणाले, "माझ्यामागे या माणसाशी तुम्हांला बोलावं लागणार आहे. मला नाही. तेव्हा नाव तुम्ही सांगा."

काकू लगेच काही बोलल्या नाहीत. त्या आत आल्या आणि इतक्या वर्षांत प्रथमच, आमच्या देखत, तो कागद हातात घेऊन वाचावयास बसल्या. आमच्या गाडीची वेळ झाली तेव्हाही त्या वाचतच होत्या.